साडेबाराची थरथर

मुंजाबाचा मला पहिल्या दिवसापासूनच संशय होता. पिशोरजवळच्या माळावर आम्ही भूकंपमापक पुरला, तेव्हा सगळं गाव बघायला आलं. हा मेंढपाळ मात्र लांब बाभळीखाली बसून आमच्यावर नजर ठेवून होता. चराईला त्याला हाच एक माळ उरला होता.

अतिदूर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशातच लहर उठते. ती पकडायला चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या काटकोनात टाकतात. आत लेसर आणि टोकांना आरसे. लहर आली की नळीची लांबी अणूच्या गाभ्याहूनही कमी बदलते. त्यामुळे जमीन अगदी गप्प हवी, ट्रक गेला तरी आरसा हलतो. अशी जमीन आम्ही शोधत होतो. महिनाभर शांत राहिला तर माळ पुढच्या यादीत, नाहीतर बाद.

माळ शांतच होता. फक्त रोज दुपारी साडेबाराला आलेख वीस मिनिटं पिसाळायचा. जवळ ना खाण, ना रस्ता. मी मनात मुंजाबाचं नाव पक्कं केलं.

गुरुवारी बांधाआड दबा धरला. मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून उभ्या राहतात अशा त्या उन्हात, मुंजाबा आणि त्याची बायको बानाबाई दोनशे मेंढ्या आमच्या खड्ड्याभोवती गोल पळवत होते.

"मामा, हे काय चाललंय?"

तो दचकलासुद्धा नाही. "तुमीच पारावर म्हनला व्हता, गप जमीन पायजे. आमची गप नाय. लिवा तसं."

"अहो, नुसती मोजणी आहे. जमीन कोण नेतंय?"

"मोजल्याबिगर कुनी नेतंय व्हय?" बानाबाई म्हणाली.

शेंद्र्याला आमच्या शेतात मोजणीदार आले, तेव्हा वडिलांनी त्यांना ताक पाजलं होतं. नुसती मोजणी, असंच ते मोजणीदारही म्हणाले होते. तिथं आता कारखाना आहे आणि मी शहरात, मुकुंदवाडीत भाड्यानं राहतो.

अहवालात 'मेंढ्या' लिहिलं असतं, तर मेंढ्या हटवून माळ पास झाला असता. मी 'कारण कळलं नाही, जागा अयोग्य' असं लिहिलं. खोटं लिहिल्याची लाज वाटली, तरी पाठवून दिलं. मुंजाबाला सांगितलं, "माळ बाद झाला, मामा. परवा यंत्र काढतो. आता मेंढरं पळवू नका."

"बरं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेबाराला आलेख पुन्हा उसळला. मला राग यायला हवा होता. पण शेंद्र्याच्या बांधावर वडिलांनी ताकाचा तांब्या खाली ठेवून मुंजाबाइतका संशय धरला असता तर, हेच मनात येत राहिलं.