दुसरी बंदूक

खंडेराव जगदाळ्यांना परवाना मिळायला साडेतीन वर्षं लागली. तेवढ्या काळात त्यांनी जितक्या टेबलांपुढे हात जोडले, तितक्यांपुढे तारापूरच्या वीज केंद्रात फिटर म्हणून काढलेल्या तीस वर्षांत जोडले नव्हते. बंदूक वडिलांची होती, माण तालुक्यातल्या घरी तुळईला टांगलेली, ठासणीची, दस्त्यावर पितळी वेल. वडील वारले तशी ती ठाण्यात जमा करावी लागली. मग भावांची संमतीपत्रं आली, बंदूक शंभर वर्षांहून जुनी असल्याचा मुंबईच्या जाणकाराचा दाखला आला, शेजाऱ्यांचे जबाब झाले. ती परत हातात आली तेव्हा नळीला गंज चढला होता. परवान्यातल्या अटी त्यांना पाठ होत्या. बंदूक नुसती जपायची, बार काढायचा नाही, दारू-छर्रे बाळगायचे नाहीत, आणि परवान्यावर नोंद नसलेलं हत्यार घरात आणायचं नाही.

निवृत्तीनंतर बोईसरच्या फ्लॅटमध्ये ते रोज सकाळी काचेचं कपाट उघडायचे आणि बंदुकीवरून मऊ फडकं फिरवायचे. बायको मैनाबाई म्हणायची, एवढी निगा माझी ठेवली असती तर गुडघे दुखले नसते. पण एका बंदुकीवर त्यांचं मन भरेना. दोन असल्या की संग्रह म्हणता येतो, एक असली की ती नुसती आठवण, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

जिवल्या त्यांच्याकडे पावसाळ्यात कंटोळीची रानभाजी घेऊन यायचा. मनोरच्या पुढे डोंगराला लागून त्याचा पाडा. दरवर्षी केंद्रात दुरुस्तीचं काम निघालं की तो कंत्राटदाराकडून हेल्पर म्हणून यायचा, आणि बारा वर्षं तो खंडेरावांच्याच हाताखाली होता. एकदा कपाटासमोर उभा राहून तो सहज म्हणाला, "आमच्या आज्याची पण हाय अशी. डुकरांसाठी होती. माळ्यावर पडलीय."

खंडेरावांनी कागदाचं विचारलं. आज्याच्या नावावर कागद होता, पण तो कधीच कुजून गेला होता. आज्या मेल्यावर बंदूक जमा करायची असते हे पाड्यावर कुणी सांगितलं नव्हतं.

पुढच्याच रविवारी खंडेराव स्कूटर घेऊन पाड्यावर गेले. जिवल्याने माळ्यावरून बंदूक खाली काढली. काजळी पुसल्यावर आठ पैलूंची नळी दिसली, आणि घोड्याशेजारी कारागिराचा ठसा अजून वाचता येत होता. खंडेरावांनी त्या ठशावरून बोट फिरवलं. रीत त्यांना कुणाहीपेक्षा चांगली ठाऊक होती. आधी जिवल्याने ती ठाण्यात जमा करायची, मग आपण अर्ज करायचा, मंजुरी आली की नोंद, आणि त्यानंतर बंदूक. पण वडिलांच्या बंदुकीला चढलेला गंज त्यांना आठवला. ही पण तशीच चार वर्षं कोठारात सडायची, असं त्यांच्या मनाने घेतलं.

"पोलिसांना सांगाया नको का, काका?" जिवल्याने विचारलं.

"ते मी बघतो. तुला काही होणार नाही."

जिवल्याच्या बायकोने, जिवलीने, गोणपाट आणून दिलं. गोणपाटात गुंडाळलेली बंदूक स्कूटरला बांधून खंडेराव मनोरच्या भर बाजारातून घरी आले.

मग दोन महिने ते अर्ज उद्यावर टाकत राहिले. आधी साफ करू, फोटो नीट येतील, असं निमित्त. मैनाबाईने नळी धुवायला गरम पाणी करून दिलं, जुनी सुती लुगडी फाडून दिली. आणि एका सकाळी अकराच्या सुमाराला हवालदार रामनाथ दारात उभे राहिले. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलं होतं, त्याची पाहणी करायला ते आले होते. बैठकीत वर्तमानपत्र पसरून त्यावर जिवल्याची बंदूक खोलून ठेवलेली होती.

रामनाथांनी परवान्याचं पुस्तक उघडलं, कपाटाकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. ही कुणाची, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं.

उत्तर द्यायला खंडेरावांना फारसा वेळ लागला नाही. पुढे त्यांना छळलं ते हेच.

"जिवल्याची. मनोरच्या पुढच्या पाड्यावरचा. काल संध्याकाळी तोच इथं आणून टाकून गेला. मी आज ठाण्यात आणणारच होतो."

रामनाथांनी खोललेले भाग पाहिले, वाटीतलं तेल पाहिलं. एका रात्रीत हे काम होत नाही, हे कळण्याइतके ते जुने होते. "तसं लिहून द्या," ते म्हणाले. "नाहीतर गुन्हा तुमच्यावर, आणि परवानाही जाईल."

खंडेरावांनी लिहून दिलं. मैनाबाई चहाचा ट्रे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला कुणी काही विचारलं नाही. हवालदार गेल्यावर तिने ट्रे ओट्यावर ठेवला.

"स्कूटरवरून गोणपाट मी उतरवून घेतलं होतं," ती म्हणाली.

या वयात कोर्टकचेरी झेपली नसती, असं खंडेराव म्हणाले. जिवल्या गरीब माणूस आहे, दम देऊन सोडतील.

जिवल्याला सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पाड्यावरून उचललं. जामीन व्हायला बावीस दिवस गेले, कारण जामीन राहण्याजोगा जमिनीचा कागद पाड्यावर कुणाकडे नव्हता. खंडेरावांनी एका ओळखीच्या वकिलाला विचारून पाहिलं. साक्षीदाराने आरोपीला जामीन राहणं बरं दिसत नाही, असं वकील म्हणाला, आणि ते ऐकून आपल्याला सुटल्यासारखं वाटलं हे खंडेरावांना स्वतःपासूनही लपवता आलं नाही.

साक्षीची तारीख दीड वर्षाने लागली. पालघरच्या कोर्टाबाहेर बाकावर जिवल्या बसला होता, धुतलेला शर्ट घालून. खंडेरावांना पाहून तो सवयीने उठून उभा राहिला.

"काका, तुमी येऊन नेली नं ती," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. कुठे चूक झाली ते समजून घ्यावं तसं तो विचारत होता. "मी हेच सांगलं. साहेब म्हणला, कागदावर तसं नाय."

आज सगळं नीट होईल, एवढंच खंडेराव म्हणाले.

आत सरकारने जिवल्याला दिलेल्या तरुण वकील बाईने त्यांना सरळच विचारलं की तुम्ही त्या रविवारी पाड्यावर गेला होतात की नाही. खंडेरावांनी कठडा धरला. परवाना नुकताच पाच वर्षांसाठी नवा होऊन आला होता. आता जबाब फिरवला तर तो जाणार होता, आणि खोटं लिहून दिल्याचा गुन्हा वेगळा. मागच्या बाकावर जिवली बसली होती. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

"नाही," ते म्हणाले.

निकाल लागला तेव्हा जिवल्या दोषी ठरला. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्याला सोडलं, आणि बंदूक सरकारजमा झाली. खंडेराव त्या दिवशीही गेले होते. बाहेर आल्यावर त्यांनी कारकुनाला थांबवून विचारलं, अशी जप्त झालेली जुनी बंदूक परवानाधारकाला अर्ज करून मिळू शकते का. बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की जिवल्या मागेच उभा आहे.

"घ्या काका," जिवल्या म्हणाला. "आता तरी कागद करून घ्या."

खंडेरावांनी घरी येऊन अर्ज लिहिला खरा. मैनाबाईने तो वाचला आणि घडी घालून त्यांच्याच उशीवर ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो टपालात टाकला. चार महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: बंदूक नियमाप्रमाणे मोडून टाकण्यात आली आहे.

त्या हिवाळ्यात केंद्रात दुरुस्तीचं काम निघालं. गेटपाससाठी पोलिसांचा दाखला लागतो, आणि जिवल्याच्या नावापुढे आता गुन्हा होता. कंत्राटदाराने दुसरा माणूस घेतला. जिवल्या वसईकडे वीटभट्टीवर गेल्याचं खंडेरावांना जुन्या सोबत्याकडून कळलं.

पावसाळ्यात मैनाबाई कंटोळी आणायला मनोरच्या बाजारात जायला निघाली. खंडेराव सोबत येतो म्हणाले. रस्त्याच्या कडेला जिवली टोपली घेऊन बसली होती. मैनाबाई तिच्यासमोर खाली बसली, दोघी हळू आवाजात काही बोलल्या. खंडेराव चार पावलांवर पिशवी धरून उभे राहिले. जिवलीने कंटोळी मोजून दिली, वर मूठभर जास्त टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. खंडेराव तिथे आहेत की नाहीत, याची तिने दखलच घेतली नाही.

घरी आल्यावर मैनाबाईने भाजी केली. खंडेरावांच्या ताटात तिने ती वाढली नाही, आणि त्यांनीही मागितली नाही.