मला पाण्यात बुडवा

मी डोंगा बोलतोय, एका खोडाची होडी. चामोर्शीच्या चौकात सिमेंटच्या चौथऱ्यावर निळ्या रंगात जो चढवून ठेवलाय ना, तोच. निळा हा माझा रंग नव्हे आणि चौथरा ही डोंग्याची जागा नव्हे. पण मला विचारतो कोण? लोक येतात, फोटो काढतात आणि जाताना वेफर्सचं रिकामं पाकीट माझ्या पोटात टाकतात. माणसांना रिकामं काही दिसलं की त्यात काहीतरी टाकल्याशिवाय चैन पडत नाही.

माझा जन्म मुलचेऱ्याकडच्या जंगलातला. लालसू नावाच्या माडिया माणसाने सावरीच्या एका अखंड खोडातून मला कोरून काढलं. त्याच्याकडे कुऱ्हाड होती, वाकस होता आणि भरपूर वेळ होता. वैनगंगेकाठचा मुखरू मला न्यायला आला, तेव्हा लालसूने त्याला एकच गोष्ट बजावली.

"काम नसन तवा याले पाण्यात बुडवून ठेवजो, मुखरूभाऊ. सावरीचं लाकूड पाण्यात जगते, उन्हात फुटते."

मुखरूने ते मानलं. त्याचं धानाचं शेत नदीच्या पलीकडे. रोवणीपासून कापणीपर्यंत मी त्याला इकडून तिकडे नेत असे. उन्हाळा लागला की तो माझ्या पोटात दगड भरायचा आणि मला काठाशी पाण्याखाली ठेवायचा. माणसं बुडायला भितात, मी मात्र त्या दिवसांची वाट बघायचो. पोटात मासे फिरायचे, वरून म्हशी जायच्या आणि मी गार पडून राहायचो. पाऊस आला की दगड काढायचे, भेगांवर डांबर फासायचं आणि नाकावर नारळ फोडायचा, की मी पुन्हा कामाला तयार.

मुखरूच्या ओळखीने शकिलाबाई माझ्यात बसू लागली. चामोर्शीची ही बांगडीवाली पलीकडच्या गावांत बांगड्या भरायला जायची. पाण्याला ती इतकी भ्यायची की मधोमध बसून, बांगड्यांची पेटी छातीशी धरून डोळे गच्च मिटून घ्यायची. तिची पोरगी अमरीन अगदी उलटी. माझी कड धरून ती पाण्यात लोंबकळायची, पाय मारायची. मग एक हात सोडायला शिकली आणि मग दोन्ही. दमली की न बघता हात लांब करायची, कारण मी तिथेच असणार हे तिला ठाऊक होतं. सांगायला लाज कशाला, मुखरूवर माझा जीव होता, पण अमरीन माझी होती.

पुढे गावात एकच चर्चा सुरू झाली. मार्कंड्याच्या घाटापासून आष्टीच्या पुलापर्यंत लांब पल्ल्याची पोहण्याची शर्यत, तीही आंतरराष्ट्रीय. आपल्या नदीत परदेशी पोहणारे येणार म्हणून लोकांचे पाय जमिनीवर ठरेनात. जिल्ह्यातून एकच नाव गेलं, अमरीनचं.

"मले नंबर नाई पाहिजे, अम्मी," ती म्हणाली. "पुलाखालून निघाली का झालं. जे पूर्ण करतीन त्यायले पुढच्या शिबिराले नेऊन राह्यले."

शर्यतीचे नियम दोन. प्रत्येक पोहणाऱ्यासोबत शेवटपर्यंत एक नाव हवी, त्यात आपला माणूस हवा. नाव मागे पडली किंवा बुडाली की पोहणाऱ्याला बाहेर काढणार. दुसरा नियम असा, की पोहणाऱ्याचा हात नावेला लागला की शर्यत संपली. हा दुसरा नियम ऐकून मला हसू आलं. जिने आयुष्यभर माझी कड धरली, तिने आता मला शिवायचंही नाही.

परदेशी पाहुण्यांना मोटारीच्या रबरी बोटी मिळाल्या आणि अमरीनच्या वाट्याला मी आलो. शर्यतीची मंडळी बघायला आली आणि तोंडं वाकडी करून म्हणाली, "पाहुणे येऊन राह्यले, डोंगा चकाचक पाहिजे." मुखरूलाही हौस आली. आपल्या पोरीचा डोंगा परदेशी माणसं बघणार, मग काळा डांबरी कसा चालेल? दसऱ्यानंतर त्याने मला काठावर ओढलं, जुनं डांबर खरवडून काढलं आणि निळा रंग दिला. रंग नीट वाळावा म्हणून दिवाळीभर मला उन्हात ठेवलं. लालसूचे शब्द ज्याने इतकी वर्षं पाळले, तो मुखरू मायेच्या भरात नेमका तेव्हाच ते विसरला. रंगाखाली माझं अंग तडकत होतं, आणि तो येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवत होता.

शर्यतीच्या दिवशी मुखरू वल्ह्यावर बसला आणि शकिलाबाई मधोमध. बांबूच्या टोकाला बांधलेल्या पेल्यातून ती लेकीला साखरपाणी द्यायची. या वेळी तिने डोळे उघडे ठेवले होते. तरंगायची जॅकेटं रबरी बोटींनाच पुरली होती. अमरीनला धीर यावा म्हणून शकिलाबाई सारखी बोलत होती, "चल बेटा, मी हाय इथीच." त्या आवाजाच्या तालावर अमरीन हात मारत होती. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं झकास चाललं होतं.

मग माझ्या तळाची भेग उघडली.

आधी शकिलाबाईचे पाय ओले झाले. मुखरूने खांद्यावरचा दुपट्टा भेगेत कोंबला, शकिलाबाईने ओढणी कोंबली, डब्याने पाणी उपसलं. जितकं काढावं त्याहून जास्त आत येई. मी अंग आवळून धरायला बघत होतो, पण वाळलेलं लाकूड ऐकतं होय?

"काठाले घेऊ का, बाई?" मुखरूने हळूच विचारलं.

"नाई, भाऊ. पूल दिसून राह्यला," ती म्हणाली. "पोरीले कळू नोका देऊ."

मुखरूने वल्हं तिच्या हाती दिलं आणि माझं ओझं कमी करायला पाण्यात उडी घेतली. मागून तो मला ढकलू लागला, तोंडात पाणी जात असतानाही. जिने कधी बोटही पाण्यात बुडवलं नव्हतं, ती बाई वल्हं मारत होती. मी देवाला म्हणालो, तेवढ्या पुलापर्यंत मला तरंगू दे, मग मला चुलीत घाल.

पुलाची सावली माझ्या नाकाला लागायला थोडंच अंतर उरलं होतं. त्याच वेळी प्रवाहाने मला आडवं केलं. पाणी शकिलाबाईच्या कमरेपर्यंत आलं. मुखरूने मागची बाजू दोन्ही हातांनी उचलून धरली होती, ती सोडली असती तर मी तळालाच गेलो असतो. शकिलाबाईने ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. लेक मागे वळेल म्हणून तिने बाही दातांत धरली आणि गप्प बसली.

तेच चुकलं. आवाज थांबला म्हणून अमरीन थांबली.

तिने वळून बघितलं. समोर पूल होता, पुलावर माणसं तिचं नाव घेत होती. ती दोन हात मारून गेली असती. मी मनात म्हणत होतो, नको येऊ, बाई, आज मला शिवू नको. ती आली. तिने खांदा माझ्या कडेखाली घातला आणि मला उचलून धरलं. इतकी वर्षं तिने मला धरलं ते तरंगायला, आज मला तरंगवायला धरलं.

"काऊन आली?" शकिलाबाई रडत म्हणाली. "काऊन हात लावला?"

पंच लोकेश मोटारबोट घेऊन आला. त्याने आधी शकिलाबाईला ओढून घेतलं, मुखरूला घेतलं आणि मग शिट्टी हातात घेतली.

"हात लागला, ताई," तो म्हणाला. "मले वाजवा लागते."

"वाजवा, सर," अमरीन म्हणाली.

पुढच्या वर्षी शर्यत भरलीच नाही, त्यानंतरही नाही. आठवण म्हणून मला इथे आणून बसवलं. पाटीवर जिंकणाऱ्यांची नावं आहेत, अमरीनचं नाही. दरवर्षी वरून निळा रंग चढतो आणि खाली भेग रुंद होते. आता तिच्यात अख्खा हात जातो.

अमरीन बाजाराच्या दिवशी आईसोबत बांगड्या विकते. त्या दिवसापासून ती नदीत उतरलेली नाही. परवा ती आली आणि माझ्या कडेवर हात ठेवून उभी राहिली. कुणी शिट्टी वाजवली नाही.

अमरीन, माझं एवढं ऐक. मुखरूला सांग, बैलगाडी आण म्हणावं. मला या चौथऱ्यावरून उतरवा आणि पुलाच्या अलीकडे नदीवर न्या. माझ्या पोटात दगड भरा. पण नुसत्या दगडांनी सुकलेलं लाकूड खाली जात नाही, गळ्याइतक्या पाण्यात उतरून कुणीतरी मला दाबून धरावं लागतं. मुखरू आता म्हातारा झाला. ते तुलाच करावं लागेल. मी खाली गेलो की हात सोड, आणि लगेच काठावर येऊ नकोस. पूल तिथून फार लांब नाही.