विचारून येते

माझ्या ज्ञानेश्वरीच्या लग्नात हळदीच्या अंघोळीला टँकरचं पाणी आणावं लागलं, त्या सालची ही गोष्ट. साल २०१५. मांडवात बायका घागरीवरून भांडत होत्या आणि मांडवामागच्या आडोशाला माझी धाकटी जाऊ बानाबाई तांब्याभर पाण्यात आमच्या नणंदेचं, दगडाबाईचं, लुगडं धूत होती. पाणी लाल झालं होतं.

"वन्सं, कवापासून हाय हे?" बानाबाईनं विचारलं.

"वाडा घाटाखाली व्हता तवापासून."

"अन् आता सांगता?"

"लग्नघरात कशाला रडगाणं? पोरीच्या अंगाला हळद लागू दी आधी."

दगडाबाईची पाळी जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. रक्त कशाचं, हे आम्हा तिघींनाही तिथंच समजलं. 

आम्ही मेंढरांमागची माणसं. मूळ कन्नड तालुक्याकडची. शहराबाहेर लष्कराच्या छावणीच्या मागं माळावर घरं बांधून राहिलो, तेव्हा चहूकडं चराई होती. मग शहर वाढत आलं. माळावर प्लॉट पडले, खुणेचे दगड पुरले गेले, आणि मेंढरांना पुढं, आणखी पुढं न्यावं लागलं. दिवाळी झाली की मेंढरं, घोडी, बिऱ्हाड असा सगळा वाडा कन्नडचा घाट उतरून खानदेशात जातो. पाऊस पडला की परततो. त्या साली पाऊस नावालाच पडला होता.

आदल्या साली दसऱ्यानंतर आमच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं होतं. गर्भाशयाच्या तोंडाला आंबट औषधाचा बोळा लावतात; जिथं दोष असेल ती जागा पांढरी दिसते. दगडाबाईला सांगितलं, डाग आहे, पंधरवड्यानं मोठ्या दवाखान्यात या. पंधरवड्यानं वाडा घाटाखाली होता. तिला दुखत नव्हतं, म्हणून ती विसरली. शोधत कुणी आलं नाही. लग्नानंतर आम्ही तिला दवाखान्यात नेलं तेव्हा कॅन्सर पसरलेला होता.

वस्तीनं मात्र वेगळाच हिशोब मांडला. धडधाकट बाई होती, तपासणी केली आणि रोग आत शिरला. त्यानंतर शिबिरासाठी नाव द्यायला एकही बाई तयार होईना.

हे विचारायला डॉक्टर नीरजाबाई स्वतः वस्तीत आल्या. तरुण, सडसडीत, बोलायला गोड. बानाबाई त्यांच्यावर बरसली.

"बाईला सांगता रोग हाय, अन् देता सोडून? मेंढरू लंगडलं तर आमी ते खांद्यावर घेतो. तुमी माणूस टाकून गेलात."

नीरजाबाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पुढच्या शिबिरांचं धोरण ठरवायला उस्मानपुऱ्यात बैठक आहे. ज्यांची तपासणी व्हायची त्या बायकांनाही यंदा बोलवायचंय. हेच तिथं येऊन बोला."

"मी? मला सही बी येत नाय."

"सही नको, बानाबाई. मत पाहिजे."

बानाबाईनं मला सोबत घेतलं. पन्नाशीत रात्रीच्या वर्गाला बसून मी अक्षरं शिकले होते, त्यामुळे मी तिच्या दृष्टीनं मोठी विद्वान. रिक्षात बसल्यापासून ती मला दुकानांच्या पाट्या वाचायला लावत होती. "भामाबाई, ह्ये काय लिव्हलंय? अन् ह्ये?" 

बैठकीत पंखा होता, चहा होता, साहेबलोक होते. श्रीनिवास साहेब जिल्ह्यातल्या शिबिरांचे मुख्य. बानाबाई उभी राहिली. पदर सारखा केला आणि म्हणाली, "तपासता त्याच दिवशी इलाज करा. पुन्हा या म्हणू नका. आमी पुन्हा येत नाय. त्या वक्ताला आमी गावातच नसतो."

मला वाटलं, झालं आमचं काम. पण नीरजाबाई म्हणाल्या, "तसं करता येतं. अतिथंड नळीनं ती जागा तिथंच मारायची, थोड्या वेळाचं काम आहे. पण बानाबाई, पांढरा दिसलेला प्रत्येक डाग पुढं रोग होतोच असं नाही. काही आपोआप जातात. दवाखान्यात नीट बघून ठरवलं तर त्या बायका नाहक उपचारातून वाचतात. त्याच दिवशी सगळ्यांवर उपचार केला, तर गरज नसलेल्यांनाही तो सोसावा लागेल. महिनाभर अंगावरून पाणी जातं, जड उचलायचं नाही, नवऱ्यापासून लांब राहायचं. यातलं काय पत्करायचं, हे आम्ही परस्पर ठरवू नये असं मला वाटतं. तुम्ही सांगा."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. 

"मी एकटी कशी सांगू? विचारून येते."

"आज ठरलं असतं तर बरं होतं," श्रीनिवास साहेब म्हणाले.

"साहेब, वाडा हलवायच्या आधी आमचा एक माणूस पुढं जातो. पाणी बघतो, चारा बघतो. तो परत येऊन खरं काय ते सांगतो. तवर कुणी काठी उचलत नाय. मी आता पाणी बघाया आलेली बाई हाय. मला माघारी तर जाऊ द्या."

साहेब हसले, पण चांगलं हसले. दिवाळीच्या आधीची तारीख दिली.

आमच्या वस्तीत टँकरची वाट बघत बायका तास-तास ड्रमांवर बसून असत. बानाबाईनं तिथंच विषय काढला. एक शब्द झाकला नाही.

"म्हैनाभर नवऱ्याला लांब ठेवायचं म्हनती डाक्तरीण?" वाड्यातल्या सांडूच्या बायकोनं विचारलं.

"व्हय."

"मग माझं नाव दोनदा लिव्ह!"

बायका इतक्या हसल्या की ड्रम वाजायला लागले. मग एकीनं विचारलं, "पर अंगावरनं पाणी जानार, तर धुवायला पाणी कुठनं आनू? प्यायला मिळंना. अन् डोक्यावर बिऱ्हाड घेऊन चालायचं कसं?"

"अन् जिला रोगच व्हनार नव्हता तिनं का सोसायचं?" दुसरी म्हणाली.

"एखादीला फुकट सोसावं लागंल," बानाबाई म्हणाली. "मी खोटं बोलनार नाय."

 दाराशी बाजेवर पडलेल्या दगडाबाईनं मान वर केली. तोवर तिचं तोंड हाडाला चिकटलं होतं, पण आवाज तसाच खणखणीत होता.

"मला फुकट सोसाया मिळालं असतं ना, तर मी घाट नाचत उतरले असते. अन् ऐका गं, रोग त्या तपासणीनं दिला नाय. तिनं दावला. मी गेले नाय परत."

टँकर आला. त्या दिवशी घागरीवरून भांडण झालं नाही.

बायकांचं मन वळलं, पण जड उचलायचं नाही आणि धुवायला पाणी हवं, या दोन गोष्टी वाड्यावर पुरुषांच्या हातात. बानाबाईचा नवरा त्रिंबक वाड्याचा म्होरक्या. तो ओट्यावर बसून चातीवर लोकरीचं सूत काढत होता. असली गोष्ट माझ्यासारख्या थोरल्या भावजयीसमोर त्याच्याशी कशी काढावी, या विचारानं मलाच घाम फुटला. बानाबाईनं वेगळ्याच बाजूनं सुरुवात केली.

"वाड्यात बाळंतिणीला काय देतो आपण?"

"घोडं देतो. डोक्यावर वजं नाय. येगळं पाल, पाणी जादा. तुला ठावं नाय व्हय? दोन बाळंतपणं घोड्यावरच झाली तुझी."

"मग ज्या बाईचा इलाज व्हईल, तिला बी म्हैनाभर तेच द्यायचं."

त्रिंबकची चाती थांबली. "अन् बाळ कुठंय?"

"बाळ नाय. बाई हाय."

 त्यानं बाजेवरच्या आपल्या बहिणीकडं एकदा बघितलं.

"घोडी कमी पडतेल," तो म्हणाला.

"घोड्यावरची कोकरं आमी उचलू."

"बरं."

एवढंच. पण त्या 'बरं'नंतर कुठल्याही बाईला नवऱ्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. बाळंतिणीसारखं, म्हटलं की पुरं. अंतर ठेवायचं, पाणी द्यायचं, वजन घ्यायचं नाही, हे वाड्यातल्या लहान पोरालाही कळतं.

दुसऱ्या बैठकीत बानाबाईनं हेच सांगितलं. फुकट सोसायची बायकांची तयारी आहे, आणि सोसताना त्यांना कोण सांभाळणार तेही ठरलंय. नीरजाबाई ऐकता ऐकता लिहायच्या थांबल्या. साहेब म्हणाले की साऱ्या जिल्ह्याला हाच नियम लावता येणार नाही. ज्या कायम गावात राहतात त्यांनी दवाखान्यात येणंच चांगलं. पण ज्या बायका दिवाळीनंतर मेंढरांमागं जातात, त्यांची तपासणी आणि उपचार निघायच्या आधी, एकाच दिवशी. डाग मोठा निघाला तर दवाखान्यात पोचवायला सोबत एक बाई. बानाबाईला सगळ्यांसाठीच तसं हवं होतं. ती वाद घालून बघत राहिली. शेवटी बसली. येताना रिक्षात एकही पाटी वाचायला लावली नाही. "अर्धंच झालं बाई," एवढंच म्हणाली.

शिबिराच्या दिवशी दगडाबाईनं हट्ट धरला, मला शाळेत न्या. त्रिंबकनं तिला उचलून नेलं. ती दारात घोंगडीवर बसून राहिली. येणाऱ्या प्रत्येक बाईला म्हणायची, "जा आत. काय नाय व्हत." तिच्याकडं बघून परत फिरायची कुणाची छाती झाली नाही. मीही आत जाऊन आले. मला काही निघालं नाही. सांडूच्या बायकोला डाग निघाला. उपचार घेऊन ती बाहेर आली, पांढरीफटक, आणि म्हणाली, "लिव्हलं गं बाई माझं नाव."

वाडा निघाला त्या सकाळी ती घोड्यावर बसली. मांडीत लेकरू नाही, तरी बाई घोड्यावर, असं आमच्यात कधी दिसलं नव्हतं. एका दिरानं टोकलं, "काय वैनी, पेढे कुठायत?"

"तुझ्या बायकूला बसवीन तवा वाटीन!"

बानाबाईचा पाय मात्र निघत नव्हता. ती दगडाबाईच्या बाजेशी बसून होती. दोघींनाही ठाऊक होतं, पावसाळ्यात परत आल्यावर ही भेटायची नाही.

"मी ऱ्हाते, वन्सं. हे जातेल."

"तू ऱ्हायलीस तर चार दिसात त्या बायांच्या डोक्यावर बिऱ्हाड चढवतेत. माझ्या भावाला मी वळखते. हितं ही भामावैनी हाय मला. जा."

बानाबाईनं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. दोन कोकरं काखेत घेतली आणि घोड्यामागून चालायला लागली. वळून बघितलं नाही. मला वाटतं, बघितलं असतं तर ती गेली नसती.

त्या हिवाळ्यात तिचे निरोप फोनवर यायचे. सगळ्या बऱ्या आहेत. महिना झाला. सांडूची बायको घोड्यावरून उतरली, आता पुन्हा भांडायला लागली. मी हे दगडाबाईला सांगायची. ती डोळे मिटून ऐकायची.

आमची नणंद दगडाबाई २०१६ साली, शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, छावणीमागच्या घरी वारली. बानाबाई तेव्हा घाटाखाली वाड्यावर होती.