डोहाचा आळ

त्या शनिवारी सकाळी डोमाजी भोयाला पुन्हा हीव भरलं. झोपडीत दोन गोधड्यांखाली तो कुडकुडत पडला होता आणि घाटावर नदीपार जायला माणसं खोळंबली होती. हंसाबाईनं चुलीतली लाकडं मागं ओढली, काष्टा घट्ट खोवला आणि नवऱ्याचा बांबू उचलून ती डोंग्याकडं निघाली. गावाला याचं नवल राहिलं नव्हतं. हिवतापानं डोमाजीला धरलं त्याला अकरा वर्षं होत आली होती, आणि तेव्हापासून महिन्यातले निम्मे दिवस डोंगा हंसाबाईच हाकत होती.

कोहळघाट हे वणी तालुक्यातलं गाव. पुढं पैनगंगेला मिळणारी नदी गावासमोर वळण घेते आणि तिथं तिचा मोठा डोह झाला आहे. उन्हाळ्यात बाकीचं पात्र वाळूचं होतं, तरी डोहात माणूस बुडेल एवढं पाणी राहतं. शाळा, दवाखाना, मुकुटबनचा बाजार, सगळं पलीकडच्या थडीला. डोहात मगरी होत्या. त्या सगळ्यांनी पाहिलेल्या होत्या. आणि मगरींबद्दल एक गोष्ट गावात लहान पोरीलाही ठाऊक होती. बाहेरची झालेली बाई पाण्याला लागली की मगरीला रक्ताचा वास जातो, आणि मग माणूस घेतल्याशिवाय ती राहत नाही. म्हणून त्या चार दिवसांत बाईनं नदीवर यायचं नाही, डोंग्याला शिवायचं नाही.

हंसाबाईनंही ही गोष्ट माहेराहूनच आणली होती. पण एकदा डोमाजीचा ताप आणि तिचे दिवस एकदमच आले. देवाचं नाव घेत तिनं डोंगा काढला आणि दिवसभर पाण्यावरची नजर काढली नाही. काही झालं नाही. पुढच्या महिन्यातही झालं नाही. झोपडी गावाबाहेर, घरात दुसरं बाईमाणूस नाही, त्यामुळं कुणाला कळलं नाही. डोमाजीला कळत होतं. त्या दिवसांत तो तिच्या तोंडाकडं बघायचा नाही, एवढंच.

पहिली खेप सोडून ती परत आली तेव्हा घाटावर एकटी सत्यशीला उभी होती. उकंडाची मुलगी, वय चौदा. चार वर्षांपूर्वी गावकुसाबाहेरच्या वाड्यातल्या अकरा घरांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हा बापानं हौसेनं तिचं नाव बदलून हे ठेवलं होतं. सातवीपर्यंत पोचलेली ती वाड्यातली पहिलीच मुलगी. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती.

"बस ना वं पोरी, काहून उभी राह्यली?"

"तुमी जा मावशी. म्या आज नाही येत." तिनं दप्तर पाठीमागं धरलं होतं, आणि डोळे भरले होते.

हंसाबाईला उमगलं. तिनं झोपडीतून जुन्या लुगड्याचा तुकडा फाडून आणला. "घे. त्या कुडाआड जाऊन ये."

"पन मावशी, मगर…"

हंसाबाईनं चौफेर पाहिलं. मग पोरीजवळ जाऊन हळूच म्हणाली, "आयक. मलेबी हाये. कालपासून. अकरा वर्सं झाले, दर महिन्याले असाच डोंगा हाकून राह्यली म्या. मगरीनं मले कधी इचारलं नाही."

"खरंच?"

"खरंच. पन कोनाले सांगजो नोको. डोंगा जाईन आमचा."

"नाही सांगत," पोरगी म्हणाली. डोळे पुसून ती खुदकन हसली आणि डोंग्यात बसली. पुढची सारी वाट ती हंसाबाईला भारताच्या नद्या पाठ म्हणून दाखवत होती.

शनिवारची शाळा सकाळची. दुपारी सत्यशीलेला घेऊन हंसाबाई परत येत होती. डोंगा डोहाच्या मध्यावर असेल. खालच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, वाळूत बळीराम पाण्यासाठी झिरा खणत होता. रुखमाबाईचा हा एकुलता मुलगा, दोन वर्षांचा संसार झालेला. वाळूत त्यानं टरबुजाची वाडी लावली होती. तो वाकलेला होता. वाळूच्या टोकाकडून काहीतरी लाकडासारखं आलं. हंसाबाईला आधी मगर दिसली आणि मग तिनं हाक मारली, पण हाक त्याच्यापर्यंत पोचायच्या आत मगरीनं त्याची मांडी धरली होती. कोरड्या वाळूवरून तिनं त्याला पाण्यापर्यंत फरफटत नेलं. हंसाबाई बांबूनं पाणी बडवत राहिली, ओरडत राहिली. डोंगा तिथं पोचला तेव्हा पाणी पुन्हा नितळायला लागलं होतं.

माणसं धावत आली. रुखमाबाईला चौघींनी धरून ठेवलं. सत्यशीला डोंग्यातून उतरली आणि चढण चढू लागली. तेव्हा तिच्या परकरामागचा डाग मथुराबाईनं पाहिला. मथुराबाई ही मारोतराव पाटलाची आत्या. तिनं कपाळावर हात मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अवं माय! हे पोट्टी बाहेरची हाये, आन् डोंग्यातून येऊन राह्यली!"

बळीरामचा देह तिसऱ्या दिवशी सापडला. त्याच संध्याकाळी मारुतीच्या पारासमोर गाव जमलं. पारावर मारोतराव आणि चार जाणती माणसं, एका बाजूला बाया, आणि पाराखाली लांब उकंडा, त्याच्यामागं त्याची पोर. बापाच्या सदऱ्याचं टोक तिनं मुठीत धरलं होतं.

"माह्या लेकराचं काय चुकलं, थे सांगा मले," रुखमाबाई एकसारखी म्हणत होती. "कोनापायी गेलं थे, तेवढं सांगा." उत्तर दिल्यावाचून तिच्याकडं कुणालाच बघवत नव्हतं.

पलीकडच्या शाळेचे रामलाल गुरुजी त्या सभेला मुद्दाम आले होते. जवळच्या बंजारा तांड्यातले, तांड्यातून शिकून मास्तर झालेले पहिलेच. त्यांनी फडक्यात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. ते त्यांनी पारावर सोडलं. दोन पांढरी लांबट अंडी होती.

"बळीराम झिरा खणत होता तिथून दहा पावलांवर वाळूत पुरलेली होती ही," गुरुजी म्हणाले. "मगर अंड्यांची राखण करत होती. जवळ जो कोणी खणला असता, त्याच्यावर ती आली असती. यात पोरीचा काय संबंध? पोर डोंग्यात होती आणि बळीराम वाळूवर."

मारोतराव काही दुष्ट माणूस नव्हता. बळीरामच्या तिरडीला त्यानं स्वतः खांदा दिला होता. अंड्यांकडं बघून तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, अंडे तं मगर दरसाल घालते. मानूस यंदाच काहून नेला?"

पारावरच्या माना डोलल्या. गुरुजींनी बायांच्या बाजूला वळून हात जोडले.

"मग मी माझ्या मायबहिणींना विचारतो. इतक्या वर्षांत एकही बाई त्या दिवसांत डोंग्यात बसली नसेल? एकीचाही पाय पाण्याला लागला नसेल? लागला असेल आणि काही झालं नसेल, तर तेवढं एकीनं सांगावं. एकीनं सांगितलं तरी ही पोर सुटते."

बाया खाली बघत होत्या. उठावं, असं हंसाबाईला वाटलं. पायाचे तळवे तिनं जमिनीला टेकवलेही. समोर पुरुषांच्या ओळीत डोमाजी घोंगडी पांघरून बसला होता. तो तिच्याकडंच बघत होता, आणि त्यानं मान अगदी थोडी, नाही अशी हलवली. गावानं डोंगा काढून घेतला तर हा तापकरी माणूस कुठं जाणार, कुणाच्या शेतात राबणार? रुखमाबाई उठून हंसाबाईच्याच झिंज्या धरील, आणि मग अकरा वर्षांत नदीनं जे जे नेलं ते सगळं आपल्या नावावर येईल. हंसाबाईचे पाय जागच्या जागी राहिले.

"तूच सांग वं पोरी," मारोतराव म्हणाला. "डोंग्यात बसू नये, हे तुले मालूम नव्हतं? कोनी बसवलं तुले?"

सत्यशीलेनं मान वर केली. बायांच्या गर्दीत तिची नजर फिरली आणि हंसाबाईवर थांबली. हंसाबाईला वाटलं, आता ही सांगणार. सांगितलं तर बरं होईल, असंही क्षणभर वाटून गेलं.

"कोनीच नाही," पोरगी म्हणाली. "म्याच बसली."

निवाडा झाला. सत्यशीलेनं सव्वा महिना नदीला पाय लावायचा नाही, डोंग्यानं नाही की पायी उथळ उतारानं नाही. लावला तर बौद्धवाड्याला नदीचं पाणी बंद. चैत्र तोंडावर आला होता आणि वाड्यात विहीर नव्हती.

"सात दिवसांवर परीक्षा हाये पाटील," उकंडा म्हणाला. "तेवढे चार दिवस जाऊ द्या तिले. मंग सव्वा महिना नाही, सहा महिने घरात बसवतो."

"माह्या एकट्याच्या हातात नाही रे," मारोतराव म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

गुरुजी मुकुटबनला गेले, वणीला अर्ज देऊन आले. चौकशीला माणूस येईल असं त्यांना सांगण्यात आलं. वाड्यातल्या तरुणांनी पोरीला खांद्यावर बसवून उतारानं न्यायचं ठरवलं. म्हाताऱ्यांनी त्यांचे पाय धरले. अकरा घरांची लेकरंबाळं काय पिणार होती? परीक्षेच्या सकाळी सत्यशीला न्हाऊन, वेणी घालून, धुतलेला परकर नेसून उंबऱ्यात बसली होती. कुणी तिला ऊठ म्हणालं नाही आणि कुणी आत ये म्हणालं नाही. दुपार झाली तशी ती आपणच आत गेली. चौकशीचा माणूस पावसाळ्याच्या तोंडाला आला, चहा पिऊन गेला. तोवर उकंडानं बिऱ्हाड उचलून वणीकडं नेलं होतं.

त्या उन्हाळ्यापासून गावानं डोंग्याला एक नवी रीत लावली. बाई चढायच्या आधी हंसाबाईनं तिला विचारायचं, "अडचन नाही ना बाई?" हंसाबाई विचारायची. प्रत्येक बाई "नाही" म्हणायची आणि चढून बसायची. महिन्याचे तीस दिवस, दोन वर्षं, एकही बाई "हाये" म्हणाली नाही. हंसाबाईला मोजता येत नव्हतं असं नाही. सगळ्याच बायांना मोजता येत होतं.

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात डोमाजीच्या औषधासाठी ती वणीला गेली. परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून उकंडाच्या बिऱ्हाडाचा पत्ता विचारत विचारत कोळशाच्या खाणीपाशी पोचली. टोपल्या वाहणाऱ्या बायांच्या रांगेत तिला सत्यशीला दिसली. सोळा-सतराची झाली होती. भुवयांवर कोळशाची भुकटी, डोक्यावर चुंबळ. तिनंच आधी ओळखलं. टोपली रिकामी करून ती आली, पदरानं हात पुसून हंसाबाईच्या पायाशी वाकली.

"मावशी! डोमामामाचा ताप कसा हाये?"

इकडचं तिकडचं बोलणं झालं. सत्यशीला जमिनीकडं बघत म्हणाली, "मावशी, एक इचारू? बळीरामदादा… थो माह्यापायीच गेला काय?"

"काय बोलतं वं हे? तुले मालूम हाये ना, म्या सांगतलं होतं ना तुले!"

"तवा मालूम होतं. आता नाही वाटत." ती हळू आवाजात सांगत होती, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट. "इथं वस्तीमागं नाला हाये. त्या दिवसांत म्या नाल्यावर नाही जात. कोनी मना नाही करत, तरी नाही जात. मले वाटते, तुमचं अकरा वर्सं निभलं, माह्या एका दिवसात मानूस मेला. माह्यातच काही वाईट असन."

"नाही माय, नाही! मगर अंड्यांवर होती, गुरुजीनं दाखवले होते. सारं खोटं हाये थे!" हंसाबाईनं तिचे काळे हात घट्ट धरले.

पोरीनं हात सोडवून घेतले नाहीत. फक्त वर पाहिलं. "मंग तवा पारासमोर काहून नाही बोलल्या?"

त्यात राग नव्हता. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. मुकादमानं हाक मारली आणि चुंबळ सारखी करत ती रांगेत गेली.

चार दिवसांनी, बाजाराच्या सकाळी, डोंग्यात सात बाया बसायच्या होत्या. मथुराबाई सगळ्यांत पुढं होती. हंसाबाईनं कुणालाच काही विचारलं नाही. सगळ्या बसल्यावर तिनं डोंगा लोटला आणि थडीपासून दूर आल्यावर बांबू आडवा धरून उभी राहिली.

"बायांनो, म्या आज बाहेरची हाये," ती म्हणाली. "बळीराम गेला, त्या दिवशीबी होती. उकंडाच्या पोरीले म्याच डोंग्यात बसवलं. तिचा काही गुन्हा नव्हता. अकरा वर्सं झाले होते तवा मले, आता तेरा-चौदा झाले. काही होत नाही."

एकीनं पदर तोंडाला लावला. एक काठाकडं बघू लागली. मथुराबाईच्या सुरकुतल्या चेहऱ्यावर नवल मात्र दिसलं नाही. पाण्याकडं बघत ती म्हणाली, "डोंगा हाक हंसे. बाजार उठून जाईन."

तरी संध्याकाळपर्यंत कुठून तरी कुणकुण पारावर पोचली. मारोतरावानं सातही जणींना बोलावून विचारलं, हंसाबाई डोंग्यात काय बोलली? एकेक जण पुढं आली आणि सातही जणींनी एकच सांगितलं. काही नाही बोलली, आम्ही काही ऐकलं नाही. सगळ्यांत शेवटी मथुराबाईनंही तेच सांगितलं. मारोतराव हसला, उठून घरी गेला.

त्यांनी हंसाबाईला वाचवलं होतं. तिचा डोंगा वाचला, डोमाजीची झोपडी वाचली. आणि तोंडातून निघालेला खरा शब्द त्या सात जणींनी मिळून, तिच्याच मायेपोटी, न बोललेला करून टाकला. झोपडीच्या दारात बसून हंसाबाई कितीतरी वेळ रडली. कुणावर रागवावं, तेच तिला कळत नव्हतं.

सकाळी डोमाजीच्या अंगात ताप नव्हता. तो बांबूकडं हात नेऊ लागला तेव्हा ती म्हणाली, "आज डोंगा तुमीच हाका. मले पारावर जायाचं हाये."

"कायले?" त्यानं घाबरून विचारलं.

"पुरुषायले सांगतो आता," हंसाबाई म्हणाली, आणि पदर डोक्यावर घेऊन गावाची चढण चढू लागली.