शेवळांची जागा

विनिताला कुणी विचारलं नव्हतं, तरी तिने सांगितलं, आणि सांगितलं ते साऱ्या जगाला. दहिवलीच्या घरात तिने फोटो आणि पोस्टी टाकायला स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवला होता. कुठल्या बड्या कंपनीच्या दावणीला बांधून घ्यायचं नाही, आपल्यासारख्याच हौशी लोकांच्या सर्व्हरांशी जोडून घ्यायचं, हे तिचं वेड. कौतुक सांगत बसली की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा.

जूनच्या तोंडावर वाडीतल्या मैनामावशीने तिला डोंगरात नेऊन शेवळं ही रानभाजी दाखवली. ओढ्याकाठी नुसती शेवळंच शेवळं. कोवळे कोंब तेवढे खुडायचे आणि कर्जतच्या बाजारात विकायचे. खालच्या गड्ड्याला हात लावायचा नाही, म्हणजे पुढच्या साली परत येतात. मावशीचा त्या दिवसांतला सगळा धंदा त्या एका जागेवर. विनिताने फोटो काढला आणि वाडीचं नाव, ओढ्याची खूण लिहून सर्व्हरवर टाकला. हौस दांडगी ना!

तिसऱ्या दिवशी दोघेजण तो फोटो दाखवत कुदळी घेऊन वाडीत आले. त्यांना गड्डेच हवे होते. वाडीने त्यांना भलत्याच वाटेला लावलं. मावशी तडक दहिवलीला आली आणि एवढंच म्हणाली, ते पुसून टाक.

विनिताने लगेच पुसलं. दुसऱ्या दिवशी बघते तर दुसऱ्याच एका सर्व्हरवर फोटो जसाच्या तसा! पोस्टच्या नकला सगळीकडे जातात, आणि पुसायचा फक्त निरोप जातो, हे तिला माहीत होतं, पण आजवर कधी नडलं नव्हतं. त्या दिवशी ज्याचा सर्व्हर बंद होता त्याला निरोप पोचलाच नाही, आणि ज्याला पोचला त्याने ऐकलंच पाहिजे असंही नाही. मालक कुणी नाही, म्हणजे कान धरावा असाही कुणी नाही. चार दिवस ती एकेकाला विनवत बसली. सात जणांनी पुसलं. दोघांनी उत्तरही दिलं नाही.

शेवटी वाडीत जाऊन तिने खरं ते सांगितलं.

"म्हंजे तू पुसलंस, पन पुसलं नाय गेलं," मावशी म्हणाली.

"नाही गेलं, मावशी. चुकलं माझं."

मावशी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, असं विनिताला वाटलं. त्याच आठवड्यात मावशीने जन्मात केलं नव्हतं ते केलं. सगळे गड्डे स्वतःच्या हाताने उकरले आणि दुसरीकडे नेऊन लावले.

पुढच्या साली बाजाराच्या दिवशी मावशी दारात आली. शेवळांची जुडी दिली, भाजी खाजू नये म्हणून वर मूठभर काकडाची आंबट फळंही दिली. विनिताला इतका आनंद झाला की तिने चपला पायात सरकवल्या. नवी जागा बघायला आपणही येतो, फोन घरीच ठेवतो, म्हणाली.

मावशीने टोपली डोक्यावर घेतली.

"तू भाजी खा गं," ती मायेने म्हणाली. "जागा नको इचारू."