अकरा ऑगस्टपासून

दोन पानं एकमेकांना चिकटली होती... ओलीनं असतील, की कुणी खळ लावली होती? कारकून साहेबरावांनी मधे पट्टी सरकवून ती सोडवली. नवऱ्याचं लष्करातून सुटल्याचं हे पुस्तक महादेवीनं सकाळी त्याच्या ट्रंकेतून न विचारता काढलं होतं. महिनाभर तो ‘सापडत न्हाई’ म्हणत होता – आणि ते तर वरच, धुतलेल्या सदऱ्याखाली! माजी सैनिकांच्या मुलांसाठीच्या राखीव जागेतून पुनमला इंजिनिअरिंगचा अर्ज करायचा, तर लातूरच्या या सैनिक कार्यालयाचा दाखला हवा होता. दोन वर्षं पोरीनं इथल्या क्लासात डोळे फोडले होते.

“ताई, यात बडतर्फ लिव्हलंय,” साहेबराव आवाज उतरवून म्हणाले. ते स्वतः फौजेतले निवृत्त हवालदार. “बडतर्फ माणूस माजी सैनिकात धरत न्हाईत. पोरीला दाखला मिळायचा न्हाई.”

“भूकंपाचं ऐकून आले होते ओ ते, रजा न घेता. साऱ्या गावाला ठावं हाय.”

साहेबरावांनी ओळीवर बोट ठेवलं. “भूकंप तीस सप्टेंबरचा. हे अकरा ऑगस्टपासून गैरहजर हाईत.”

परतीची बस औशाकडं लागली तरी महादेवी मोजतच होती – ऑगस्टचे एकवीस, सप्टेंबरचे एकोणतीस... पन्नास दिवस कुठं होता हा माणूस? भूकंपाच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी तो आला होता, कोसळलेल्या माळवदाच्या मातीखाली ती आणि वर्षभराची पुनम, वरून त्याचा आवाज – “महादेवी, हाक दे!” – मग त्याचे फुटलेले हात, आणि उजेडात पहिल्यांदा दिसलं ते त्याचं डोकं... कानांवर केस आले होते. फौजी माणसाचे! जम्मूच्या पलटणीतून यायला त्याला एरवी तीन दिवस लागत. मी कसं मोजलं नाही कधी? की मोजलं, आणि गप्प बसले? गावात लोक अजून त्याला उठून जागा देतात... कुणी बाई होती? काही करून पळाला होता? आणि इथंच जवळपास, नांदेडला नाहीतर अहमदपूरला होता, तर घरी का नाही आला?

पण तो जम्मूत असता तर तीन दिवसांनी पोचला असता... तिसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीत कुणीच जिवंत निघालं नव्हतं. तिनं समोरची दांडी घट्ट धरली.

घरी तिचा नवरा, शिवशंकर, दारातच उभा होता.

“पुस्तक तू नेलंस?”

“हाव. दाखला देत न्हाईत म्हणले.”

का देत नाहीत, हे त्यानं विचारलं नाही.

“सांगू का?”

वाटभर तिला हेच तर हवं होतं. पण आता तो काहीही सांगो – ते खरं की खोटं हे ठरवायला तिच्याजवळ त्याच्याच शब्दाखेरीज काही नव्हतं.