कॅलेंडरला टोचलेली सुई

"तुम्हाला बी आहे ना, मग डीचीही एकदा तपासणी करून घ्या. माहेरच्यांनाही तपासायला सांगा," कल्याणच्या डॉक्टरीणबाई म्हणालेल्या. तेव्हा सान्वी पोटात होती. माझ्या रक्तात हिपॅटायटिस बी निघालेला आणि माझं सगळं लक्ष तिच्याकडे. जन्मल्या जन्मल्या तिला दोन इंजेक्शनं दिली, पुढचे डोसही वेळेवर घेतले. माझी डीची तपासणी राहिली, माहेरच्यांचीही. माझा बी गप्प बसलेला, त्रास काहीच नव्हता; आता आणखी कशाला, असं वाटलं.

माहेर कोलशेतला, खाडीवर. आईनं माझ्यासाठी ताट वेगळं काढलं, खाली नेलपॉलिशचा लाल ठिपका.

"आई, जेवणातून नाही गं पसरत."

"शिकलेली हायस, माहीत हाय," म्हणायची आणि ठिपक्याचंच ताट पुढे सरकवायची.

यंदा मे महिन्यात भाऊ प्रणितचे डोळे पिवळे झाले. मी त्याच्यासोबत दवाखान्यात गेलेले. त्यालाही बी निघाला, आणि सोबत डी. डॉक्टर म्हणाले, डी एकटा टिकत नाही, त्याला बी लागतो. पण दोघं एकत्र आले की लिव्हर लवकर खराब होऊ शकतं. "रक्तातून जातो. ब्लेड, सुई, कुणाची वापरता?"

"दाढीची मशीनपण माझी एकट्याची आहे," प्रणित म्हणाला.

मला मात्र आईचं कॅलेंडर आठवलं. त्याला एक सुई टोचलेली असते. मासळी निवडताना शिंगाळ्याचा काटा कुणाच्याही हातात घुसू दे, आई त्या सुईनं काढते. प्रणितचा, बोटीवरच्या गुणाजीकाकांचा, माझा. मग पदराला पुसून सुई परत कॅलेंडरला. दिवाळीत सान्वीच्या बोटातला काटाही तिनंच काढलेला. मी बाजूला उभी राहून मोबाइलचा उजेड धरलेला.

दुसऱ्याच दिवशी मी सान्वीचं आणि माझं रक्त दिलं. रिपोर्टला चार दिवस. तिला नखं कापू देईना, झोपलेली असली तरी पापणी उचलून डोळ्यांचा पांढरा भाग बघायचे. आईला फोनवर सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "ताट तर येगलं ठेवलेलं गो मी."



सान्वीला बी नाही. लसीचं संरक्षण पुरेसं आहे, म्हणजे डीलाही जागा नाही. माझ्यात डी नाही. आईचाही रिपोर्ट चांगला आला. प्रणित मोठ्या डॉक्टरांकडे जातो, तपासण्या चालू आहेत. सुई गेली, कॅलेंडरवर भोकं राहिली. ठिपक्याचं ताट आईनं आता स्वतःसाठी घेतलंय.

गुणाजीकाका अजून तपासायला गेलेले नाहीत. "मला काय झालंय," म्हणतात. मी रोज फोन करते.

तुमच्या ओळखीत बी असलेलं, 'माझा गप्प आहे' म्हणणारं कुणी असेल, तर आज त्यांना फोन करा. डीची तपासणी झाली का, एवढंच विचारा. टाळतील. मीही टाळलेलं.